तुझा शेर मी लिहिला नाही

तुळजापूर
२२ जानेवारी २०२५

मिन्नू,

तू माझा फोन घेणं बंद केलंस, अब्बांचाही. टपाल असं बंद करता येत नाही, फार तर न फोडता ठेवशील. म्हणून लिहायला बसलेय. घरात आपण दोघी दखनीत भांडतो, पण लिहायला घेतलं की माझा हात मराठीतच चालतो. शाळा तशी होती, काय करणार.

अब्बांचा निकाह तेवीस फेब्रुवारीला ठरलाय, रविवारी, दुपारच्या नमाजनंतर. रमजान लागायच्या आत उरकून घ्या असं मशिदीतल्या बुजुर्गांनी सुचवलं. ताहेराबी ढोकीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. मुलगा साजिद कारखान्याला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आहे. मी त्यांना एकदोनदा भेटलेय, बाई सरळ वाटल्या. ठरवलं ते अब्बांनी. तुला फोनवर त्यांनी सांगितलंच.

तू काय बोललीस ते मी शेजारी बसून ऐकलं. "अम्मीच्या कपाटातून अजून तिच्या तेलाचा वास येतो, आणि तुम्ही सेहरा बांधायला निघालात?" अब्बांनी फोन गादीवर ठेवला आणि दुकान उघडायला गेले. त्या दिवशी देवीला आलेल्या एका बाईला त्यांनी एका हातात एका मापाच्या आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याच मापाच्या बांगड्या चढवल्या. बाई रस्त्यापर्यंत जाऊन परत आली. अब्बांनी बांगड्या बदलून दिल्या आणि लवकर घरी आले. उभ्या जन्मात असं झालं नव्हतं, असं म्हणाले. एवढंच म्हणाले.

माझं चाललंय. लग्नसराई जोरात आहे. मल्लिनाथअण्णांच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवायच्या, हे कामाचं नाव. खरं काम त्याच्या पुढचं. पत्रिका घ्यायला आलेला माणूस म्हणतो, ताई, मंगलाष्टकात पोरीच्या आजीचं नाव बसवा. मामाला स्वागताचं भाषण करायचंय, तेवढं लिहा. जावयाला उखाणा पाहिजे, पण जुना नको. एका पुढाऱ्याला आशीर्वादाचं भाषण लिहून दिलं होतं, ते त्यानं तीन लग्नांत वाचलं आणि तिसऱ्या ठिकाणी नवरीचं नाव पहिल्या ठिकाणचं घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी ऐकतच नव्हतं.

दमले गं. शब्दांचा कंटाळा येतो असं मला कधी वाटलं नव्हतं. "दोन जिवांचं मीलन" असं टाइप करताना आता बोटं आपोआप पळतात. मी दुसरीकडं बघत असते.

आणि आता फुफीचा आरिफ येऊन बसलाय. अब्बांना फुलांचा सेहरा बांधला की कौतुकाच्या शेरांचा सेहरा वाचणार म्हणतो. लिहायचा मी. "ताई, तू सगळ्या गावाचं लिहितीस, सख्ख्या बापाचं कोण लिहिणार?"

मी हो म्हटलेलं नाही.

हुमेरा


तुळजापूर
३ फेब्रुवारी

मिन्नू,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चाललेले नव्हते.

काल अणदूरला एका लग्नाला जाऊन आले. मुलीचं नाव हर्षाली. तिचे वडील बब्रुवान, शेतकरी, बोलायला फार थोडे. पण नवरामुलगा पुण्यात कंपनीत, त्याला हौस. स्टेजवर दोघांनी एकमेकांना वचनं द्यायची, ती नवीन लिहून हवी होती. मी लिहिली. "तुझ्या स्वप्नांना पंख देईन", "तुझ्या डोळ्यांत आसू येऊ देणार नाही", असलं सगळं. हर्षाली प्रेसमध्ये वाचायला आली. वाचलं, कागद घडी केला, म्हणाली, "ताई, हे पंख काढा. मला गाडीचं लायसन काढायचंय. त्याला आडवं येणार न्हाय, असं म्हणाय लावा त्याला." मी तसं घातलं. त्यानं स्टेजवर ते म्हटलं, लोक हसले, ती हसली नाही. ऐकून घेतलं, मान डोलवली आणि मगच हार घातला.

बब्रुवानांनीही भाषण मागितलं होतं. पाठवणीच्या वेळी चार ओळी बोलायच्या. मी चांगल्या लिहिल्या होत्या मिन्नू, खरंच चांगल्या. त्यांनी पाठ केल्या होत्या, आदल्या दिवशी फोनवर म्हणूनही दाखवल्या. प्रत्यक्षात माइक हातात घेतला आणि गप्प उभे राहिले. लोक चुळबुळ करायला लागले. मग व्याह्यांकडं बघून म्हणाले, "तिला उठल्याउठल्या चहा लागतो. कुणाला सांगणार न्हाय ती. तेवढा देत जावा." आणि माइक खाली ठेवला.

मांडवात बायांनी पदर डोळ्याला लावले. मी मागं बसून होते. माझ्या चार ओळी त्यांच्या खिशातच राहिल्या, आणि मला वाईटही वाटलं नाही. नुसतं वाटलं, घरी जावं.

घरी सेहऱ्याचा कागद तसाच कोरा आहे. आरिफच्या लग्नातला सेहरा तुला आठवत असेल. प्रत्येकाच्या नावाचा एकेक शेर. आईच्या नावाचा, मग मामूंचा, मग बहिणींचा. बहिणी खुशीनं फुलं ओवतायत, आई बलैया घेत दृष्ट काढतेय. तुझं नाव आलं तेव्हा तू लाजून माझ्या ओढणीत तोंड लपवलं होतंस. सेहऱ्याची रीतच ती. घरातला एकही माणूस सुटता कामा नये आणि एकही माणूस नाराज दिसता कामा नये.

आता सांग, अब्बांच्या सेहऱ्यात कोणाकोणाची नावं लिहू? दादीअम्मा नाही. फुफी नाही. आहोत त्या आपण दोघी. आणि अम्मीचं काय करू? जिचा नवरा, तिचंच नाव त्याच्या निकाहच्या सेहऱ्यात घालायचं की गाळायचं? घातलं तर ताहेराबींना कसं वाटेल? आणि गाळलं तर मी त्या घरात कशी झोपू?

अब्बांना विचारलं. ते काचेच्या बांगड्या कागदात गुंडाळत होते. म्हणाले, "मला कायकू विचारतीस? मला तर सेहराच नको होता. या वयात तोंडावर फुलं सोडून बसायचं म्हंजे..." मग आणखी एक जोड गुंडाळला. "तिचं नाव घातलंस तर मला ऐकताना तरास होईल. नाही घातलंस तर जास्त होईल. बघ आता तूच."

सगळेच मला म्हणतात, बघ आता तूच.

हुमेरा


तुळजापूर
१३ फेब्रुवारी

मिन्नू,

काल ताहेराबी प्रेसमध्ये आल्या होत्या. साजिद ट्रॅक्टरचा कसलासा पार्ट घ्यायला तुळजापूरला आला, त्याच्याबरोबर. तो खालीच थांबला. ताहेराबी जिना चढून वर आल्या आणि मल्लिनाथअण्णांना म्हणाल्या, "पोरीसंगं बोलायचं हाय जरा." अण्णा उठून चहा सांगायला गेले.

त्या आल्या म्हणून हे पत्र लिहिणं भाग आहे. तुला अर्धंच माहीत आहे.

हे लग्न मी जुळवलं, अब्बांनी नाही. ढोकीला एका पत्रिकेच्या कामाला गेले होते, तिथं यांची ओळख झाली, मग मुद्दाम दोनदा गेले. अब्बांकडं विषय मीच काढला. मला जायचंय मिन्नू. सोलापूरला एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळतंय, शाळेची गणिताची पुस्तकं. तिथं लग्नं नाहीत. पेठेत एक खोलीही बघितलीय. लग्नबिग्न मला करायचं नाही, कुणासाठी म्हणून जात नाही. अम्मीला आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिसला नेत होते, तेव्हापासून एकच वाटत आलंय, की एक दार असावं आणि ते लावल्यावर आतल्या माणसाला कुणी हाक मारू नये. बास. यात कुणावर राग नाही. तुझ्यावर तर मुळीच नाही. तू पुण्यात दवाखान्यात रात्रपाळ्या करत होतीस, तुझंही काही सुखाचं नव्हतं.

पण अब्बांना एकटं टाकून मी निघू शकत नव्हते. साखरेनं त्यांची नजर गेलीय निम्मी. भाकरी कुठली, चहासुद्धा त्यांना नीट गाळता येत नाही.

मी हे सगळं त्यांना सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, "तू जाणार हाईस व्हय?" मी रडले. ते म्हणाले, "जा. पण तुझं नाव यात येऊ देऊ नगंस. बापाला टाकून जायला बाई आणली असं म्हणतील लोक. मी म्हाताऱ्यानं हट्ट केला असं म्हणू देत. मला काय, मी कानावर घेत न्हाय." आणि तुला फोन लावून सांगितलं, मी ठरवलंय म्हणून. म्हणजे ज्यांच्यावर तू चिडलीस, ते माझ्याकरता ऐकून घेत होते.

ताहेराबींना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या समोर बसल्या, चहा बशीत ओतला आणि म्हणाल्या, "मला माहिताय तू मला कशाला आणतीस. मला काय लहान समजू नगंस."

मी हातातली पत्रिका खाली ठेवली.

"साजिदची बायको चांगली हाय. पण दोन खोल्या, तीन लेकरं. मी भिंतीला टेकून बसते तर तिला वाटतं सासू रुसली. मलापण घर पायजे. तुझ्या बापाला माणूस पायजे. तुला सुटका पायजे. ह्यात लबाडी काय हाय? निस्तं बोललं न्हाय कुणी, म्हणून मी आले."

मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. दोन दिवस आला. मग कामाला लागले."

मग त्यांनी सेहऱ्याचं विचारलं. आरिफनं ढोकीपर्यंत गाजावाजा केलाय. मी अडखळत अम्मीची अडचण सांगितली. त्यांनी बशी खाली ठेवली. "नाव काय व्हतं त्यांचं?"

"झीनत."

"घाल की मग. तिच्या घरात मी जाणार, तिच्या तव्यावर भाकरी टाकणार, आन तिचं नावच घ्यायचं न्हाय? आसं चोरागत कशाला शिरायचं?"

जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "धाकटी येणार का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"रागावलीय तर रागाव म्हणावं. राग करणारं माणूस घरचंच असतंय."

तुला हे कळवायचं होतं. तू ये म्हणून लिहीत नाही. तुझी ड्युटी असेल, नसेल. मला कुणाला बोलावण्याचं बळ उरलेलं नाही.

हुमेरा


तुळजापूर
१९ फेब्रुवारी

मिन्नू,

सेहरा झाला. पहिले दोन शेर असे आहेत:

वाट पाहूनी थकूनी पोचला हा सेहरा
पांढऱ्या केसांस कोणी बांधला हा सेहरा

ज्या घराला झीनतीने लावला पहिला दिवा
त्या घराच्या उंबऱ्याने झेलला हा सेहरा

पुढं ताहेराबींचा आहे, साजिदचा आहे, आरिफनं मागून मागून स्वतःचाही घालून घेतला.

तुझा शेर मी लिहिला नाही. तीनदा बसले. "मिनाज दुरून दुवा देते" असं लिहिलं, खोडलं. तू देत नाहीस, हे मला माहीत असताना लिहायचं कसं? गावभरच्या रुसलेल्या मामांना आणि न आलेल्या आत्यांना मी आजवर मंगलाष्टकात हसवलंय. लोकांची माणसं होती, चालून गेलं. तुझ्या नावानं खोटं लिहायला हात धजेना. आणि तू रागावलेली आहेस असं सेहऱ्यात लिहिता येत नाही.

नाव गाळलं म्हणून तुला वाईट वाटेल का, की बरं वाटेल, हेही मला ठरवता आलं नाही.

हुमेरा


सोलापूर
१ मार्च

मिन्नू,

निकाह पार पडला. माणसं थोडीच होती. अब्बांनी अम्मीनं शिवून घेतलेली ती बदामी शेरवानी घालायला नकार दिला, साधा पांढरा कुर्ता घातला. फुलांचा सेहरा आरिफनं जबरदस्तीनं बांधला. फुलांच्या लडीआडून अब्बांचा चष्मा तेवढा चमकत होता, आणि नाकाशी फुलं आली की ते शिंकत होते. शेजारच्या पोरी हसून हसून खाली बसल्या.

आरिफनं झोकात वाचलं. अम्मीचा शेर आला तेव्हा आधी कुणी वाहवा दिली नाही. बायकांच्या बाजूला ताहेराबी लाल ओढणीत मान खाली घालून बसल्या होत्या. त्या मान वर न करताच म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." आरिफनं पुन्हा वाचला. मग पुरुषांकडूनही आवाज आला. अब्बांनी सेहऱ्याच्या आत हात घालून चष्मा काढला, पुसला, परत घातला.

वाचून संपल्यावर गल्लीच्या कोपऱ्यावरची चाची ओरडली, "अगं, धाकटीचं नाव कुठाय? मिनाजचं?" माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात अब्बाच म्हणाले, "तिचं ती बोलंल. तिच्या तोंडचं कुणी बोलायचं न्हाय." मग जेवणं झाली.

आता मंगळवारचं. तुझा भाग तुला माहीत आहे, इकडचा माहीत नाही, म्हणून लिहिते.

मी बॅग भरत होते. अब्बा पहाटे फजरला मशिदीत गेले होते, फोन फळीवरच राहिला होता. वाजला. ताहेराबींचे हात पिठाचे. त्यांनी मनगटानंच फोन अलगद ओढला, पडद्यावर बघितलं. तुझा तो दवाखान्यातल्या कपड्यांतला फोटो आला होता. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको, मला देऊ नका. त्यांनी करंगळीनं उचलला आणि आवाज मोठा केला.

"बोला."

नुसता पंख्याचा आवाज येत होता तुझ्याकडचा.

"मिनाज ना? फोटो दिसला. अब्बा नमाजला गेलेत, येतील इतक्यात."

तरी तू गप्प. मला वाटलं, ठेवलास. त्यांना नाही वाटलं. त्या परातीपाशी बसल्या, फोन पाटावर ठेवला आणि पीठ मळत मळत बोलत राहिल्या, जसं काही तू समोर बसली आहेस.

"राती दीड भाकरी खाल्ली. गोळी घेतली, म्या बघितली डोळ्यानं. भात मागत व्हते, दिला न्हाय. उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलीनं घासलंय त्यांच्या. कुणाला सांगितलं नव्हतं, मोजा काढताना मला दिसलं. लई न्हाय, एवढंसंच हाय. मलम लावतेय."

आणि तू म्हणालीस, "कुठलं मलम?"

मिन्नू, मी दाराची चौकट धरून उभी होते. अंगठ्याचं मलाही माहीत नव्हतं. मी त्या घरात, त्याच खोलीत होते, आणि मला माहीत नव्हतं.

ताहेराबींना वाचता येत नाही. त्या पिठाच्या हातांनी उठल्या, ट्यूब आणली आणि माझ्यापुढं धरली. मी हळूच नाव सांगितलं. त्यांनी ते मोडूनतोडून तुला सांगितलं. तू म्हणालीस, "ते बंद करा. साखरेच्या माणसाला ते नाही चालत. मी दुसरं पाठवते. तोवर मिठाच्या कोमट पाण्यानं... नाही, बुडवू नका. नुसतं पुसा आणि कोरडं ठेवा. बोटांच्या मधेपण. रोज बघा, दोन्ही पाय. अंधारात नाही, उजेडात बघा."

"बघते."

"लाल झालं, गरम लागलं, तर लगेच मला फोन करा. लगेच."

"तू उचलणार का पर?"

मग "उचलीन" म्हणालीस, आणि ठेवलास.

ताहेराबी परत पिठाशी बसल्या. मला म्हणाल्या, "पोरगी तापट हाय. पर ध्यानात ठिवती." अब्बा आले तेव्हा त्यांनी फोनचं काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाल्या, "पाय दावा." अब्बांनी मुकाट्यानं पाय पुढं केला. उंबऱ्यात उजेड होता, तिथं बसवून त्यांनी बोटं एकेक करून पुसली. अब्बा माझ्याकडं बघून ओशाळले. मी बॅग भरायला आत गेले.

गुरुवारी निघाले. अब्बा स्टँडपर्यंत येतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. तुझं पार्सल काल पोचलं, असा ताहेराबींनी निरोप दिला. वर तू कुणाचं नाव घालायचं म्हणून बराच विचार केला असशील. ताहेराबी खाजामियाँ मणियार असं अब्बांच्या नावासकट पूर्ण लिहिलंस, ते भेटायला आलेल्या साजिदच्या पोरानं त्यांना वाचून दाखवलं.

तू त्यांना काय म्हणून हाक मारायची, पुढं काय बोलायचं, हे मला विचारू नकोस. मी सुचवणार नाही. लोकांना बोलायला शब्द पुरवण्याचं काम मी सोडलंय, आणि तुझ्याकडचे मला आता कमी पडताना दिसत नाहीत.

माझी खोली बरी आहे. एक खिडकी, खाली पिठाची गिरणी. गिरणीचा आवाज दिवसभर येतो, पण तो माझं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी दार लावून बसले तर कान सारखे बाहेरच लागलेले. कुणी हाक मारतंय का म्हणून दोनदा उठून बघितलं. काल उठले नाही.

आज शनिवार, अर्धा दिवस. गणिताचं एक प्रकरण तपासायला आणलंय घरी, अपूर्णांकांचं. ते बाजूला ठेवलंय. उद्या पहिला रोजा आहे, तयारी काहीच नाही केलेली, दोन खजूर आणि दूध आहे. पुरेल.

आता दुपारच्या वेळी जरा आडवी होते. किती वर्षांत दिवसा झोपले नाही गं.

तुझी,
हुमेरा